गोदामातल्या खुर्च्या

१२ जून

पालिकेच्या तक्रार कक्षात बसणाऱ्या माझ्या मावसभावास, म्हणजे छोटूस,

तक्रार अशी, की गेले कित्येक दिवस मी उभ्यानं जेवते आहे. ही बाब गंभीर आहे. पन्नाशीच्या बाईनं हातात ताट धरून फ्रिजला टेकून जेवावं, आणि तेही घरात तीन खुर्च्या असताना, हे पालिकेला शोभत नाही.

त्या तीन खुर्च्यांपैकी एक मामंजींची. सासरे आहेत, त्यांना उठवता येत नाही. दुसरीवर इस्त्रीचे कपडे बसतात. ते गिऱ्हाइकांचे, त्यांना तर मुळीच उठवता येत नाही. तिसरी माझी. ती सध्या तुमच्या नोकरीत आहे. बिनपगारी.

लेखी कळवते आहे, कारण फोन केला की तू "ताई, लेखी दे" म्हणतोस. तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तेव्हाही सवयीनं तेच म्हणालास. तर घे लेखी.

गेल्या महिन्यात पाण्याचा टँकर आमच्या गल्लीतून गेला आणि माझ्या लाँड्रीसमोरचं गटाराचं झाकण दोन तुकडे होऊन आत पडलं. दाराच्या अगदी जवळ, डाव्या हाताला. भोक एवढं आहे की मी सहज जाईन आणि माझ्या मागून समोरचा चष्मेवालाही जाईल, त्याच्या पोटासकट. खाली पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. दुपारी गल्ली शांत झाली की इस्त्री करताना कुणी तरी मोठे घोट घेतंय असं वाटत राहतं.

त्या भोकावर मी माझी खुर्ची ठेवली आणि तिच्या पाठीला एक लाल अभ्रा बांधला. कोणी तरी धुवायला टाकून विसरला होता, सत्कारणी लागला. हे सगळं मामंजींसाठी. त्यांना आता माणसं दिसत नाहीत, रंग तेवढे दिसतात. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये पेपर ऐकायला जातात. मी त्यांना शिकवलंय, लाल दिसलं की पलीकडून, भिंतीला हात लावत. ते म्हणाले, "सूनबाई, तू मला सिग्नल शिकवतेस?" पण ऐकतात.

तू म्हणशील, चिखल झाला की लोकांचे कपडे खराब होतात, ताईचं बरंच आहे. खरं आहे. मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन ही तक्रार करते आहे. झाकण बसव. मला बसून जेवायचंय.

तुझी ताई

•

१७ जून

ताई,

पत्र पोचलं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस म्हणून शिपायानं त्यावर आवक शिक्का मारला, आणि आता चष्मेवाल्याचं पोट सरकारी दप्तरात आहे. पुढची पत्रं घरी पाठव.

कामाचं बोलतो. ड्रेनेज विभागाला विचारलं, तर ते म्हणाले, झाकण रस्त्याच्या पातळीवर असतं, म्हणून ते रस्ते विभागाचं. रस्ते विभाग म्हणतो, झाकण गटाराचं, ते नसलं तर रस्त्याचं काय बिघडतं? दोघंही साहेब बोलायला गोड आहेत. दोघांनी चहा पाजला.

पण तू काळजी करू नकोस. इतकी वर्षं इथे काढली ती काही फुकट नाही. कुठलं दार ठोठावलं की गाडी निघते, हे मला कळतं. एक युक्ती केली आहे. काय केली ते विचारू नकोस, या आठवड्यात गाडी तुझ्या दारात उभी राहील.

तोवर त्या कपड्यांना उठव आणि बसून जेव.

छोटू

•

२२ जून

छोटू,

गाडी आली. तुझी युक्ती चालली, अभिनंदन. पण गाडीतून झाकण नाही उतरलं. अतिक्रमण विभागाची माणसं उतरली आणि माझी खुर्ची घेऊन गेली.

मी हातात इस्त्री घेऊन बाहेर धावले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई, रस्त्यावर बसायची सोय करता येत नाही."

"अहो, बसायला नाही ठेवली. बसून बघा, कळेल."

"तक्रार आली आहे."

"कोणाची?"

"ते सांगता येत नाही."

मग फोटो काढला. आधी खुर्चीचा, मग खुर्ची नसलेल्या रस्त्याचा. दुसऱ्या फोटोत भोक आलं होतं, म्हणून थोडं सरकून परत काढला. आणि जाताना, छोटू, तो माणूस भोकाला नीट वळसा घालून गेला. पँट वर धरून. त्याला दिसत होतं.

तक्रार चष्मेवाल्यानं केली असणार. खुर्चीमुळे गिऱ्हाइकांना गाडी लावता येत नाही, असं मागे एकदा कुरकुरला होता. मी त्याच्या दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तुमचा शिपाई शिक्का मारायचा.

त्या दिवसापासून पाऊस लागून राहिला आहे. गल्लीत घोट्यापर्यंत गढूळ पाणी आहे आणि भोक कुठे आहे ते आता मलाही दिसत नाही. मी बादली ठेवली. तासाभरात बादली नव्हती. स्टूल ठेवायचं तर दुकानात तेवढं एकच आहे, तेही गेलं तर? पाण्यावर एका जागी एक वळसा दिसतो, बारीक, आंघोळीच्या मोरीत दिसतो तसा. काल कोणाची तरी चप्पल वाहत आली, तिथे दोनदा फिरली आणि उभी होऊन आत गेली.

मामंजींना सांगितलं, पाऊस थांबेपर्यंत बाहेर नाही. ते म्हणाले, "मी काय विरघळतो?" आज सकाळी दुकानात गर्दी होती, म्हणून मी दुकानाला लागूनच असलेल्या घराला बाहेरून कडी लावली. अर्धा तास दार बडवत होते. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती आणि मी मान खाली घालून कॉलरला इस्त्री करत होते.

खुर्ची सोडवून दे. झाकण नको, खुर्ची दे.

ताई

•

२४ जून

ताई,

घाईत लिहितो आहे.

चष्मेवाल्याला काही बोलू नकोस. तक्रार त्यानं केलेली नाही. मला कसं माहीत, ते विचारू नकोस, पण त्यानं केलेली नाही. शक्य असेल तर त्याची माफी माग.

खुर्ची सोडवायचं बघतो. जप्त सामान गोदामात असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर आहे.

मामंजींना बाहेर सोडू नकोस. कडी लावावी लागली तर लाव. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. दाजींना बोलावून घेता येईल का?

छोटू

•

२७ जून

छोटू,

तुझं पत्र वाचून मला जास्तच भीती वाटली. त्यात एकही विनोद नव्हता. लहानपणी भिंतीवरून पडून तुझा दात पडला, तेव्हासुद्धा तू तो दात दाखवून मला हसवलं होतंस.

आज झालं ते सांगते. तुझ्या दाजींना नोकरीच्या गावाहून रजा मिळत नाही, म्हणजे घरात मी आणि मामंजी. सकाळी ते झोपलेत असं बघून मी कडी न लावता दुकानात आले. दहा मिनिटांनी मान वर केली तर ते बाहेर पाण्यात उभे. काठी पुढे टाकत, हळूहळू. लाल शोधत होते. मान डावीकडे, मान उजवीकडे. लाल नव्हतं, तेव्हा त्यांच्या हिशोबानं रस्ता मोकळा होता.

मला ओरडता येईना. ओरडले आणि ते दचकून पुढे गेले तर? मी पायरीवरून उतरले. तेवढ्यात त्यांनी काठी टेकवली आणि ती टेकलीच नाही. आत गेली, पूर्ण, मुठीपर्यंत, आणि मग मूठही. ते तसेच वाकलेले राहिले, हात पुढे, जणू कोणाला काही देतायत. मी मागून कमरेला मिठी मारली. सासऱ्यांना मिठी मारायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली.

घरात आणून बसवलं तर म्हणाले, "काठीच गेली ना? मी आहे." आणि हसले. पण चहाचा कप हातात धरवत नव्हता. मीच धरला.

आता ते स्वतःच म्हणतात, कडी लाव. दार बडवत होते तेव्हा बरं वाटत होतं.

तुझं सांगणं ऐकून चष्मेवाल्याची माफी मागायला गेले होते. दारापर्यंत गेले आणि परत आले. तो नाही तर मग कोण? तुला माहीत आहे आणि तू सांगत नाहीस. का?

ताई

•

२८ जून

ताई,

मीच.

तुझं पहिलं पत्र ड्रेनेजला दिलं असतं तर अजून तिथल्या टेबलावर पडून राहिलं असतं. ताई, आमच्याकडे एकच विभाग वेळेवर निघतो, तो अतिक्रमणाचा. त्यांच्याकडे गाडी आहे, माणसं आहेत. म्हणून मी त्यांना लिहिलं, रस्त्यावर खुर्ची आहे, येऊन बघा. मला वाटायचं, खुर्ची बघायला येतील तेव्हा भोक दिसेल, आणि एका विभागानं दुसऱ्याला कळवलं की ते ऐकावंच लागतं. तुलाच नाही, मी बऱ्याच जणांना असं मार्गी लावलं आहे. कोणी कौतुक केलं की मनात गुदगुल्या व्हायच्या. गाडी गेली की तक्रार बंद व्हायची, परत कोणी यायचं नाही. मला वाटायचं, काम झालं.

काल गोदाम उघडलं. तुझी खुर्ची शोधायला आत गेलो. ताई, आत खुर्च्याच खुर्च्या आहेत. स्टुलं, पिंपं, टायर, एक पाळण्याची चौकट, एक सायकल. एकमेकांवर रचून छतापर्यंत. आणि प्रत्येक वस्तूला काही तरी बांधलेलं. लाल चिंधी, लाल पिशवी, लहान मुलाचा लाल मोजा. बसायला ठेवलेल्या स्टुलाला कोण लाल मोजा बांधतं?

त्यातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी भोकावरून उचललेली आहे, आणि ती भोकं आत्ता या पाण्याखाली आहेत. कुठली कुठून आणली, हे कुठेच लिहिलेलं नाही. तेवढी तसदी कोणी घेतली नाही. मीही नाही.

तुझी खुर्ची अभ्र्यावरून ओळखली. उद्या सकाळी ती घेऊन मी स्वतः येतो. पावती नाही, परवानगी नाही, सरळ घेऊन येतो. इतकी वर्षं खड्ड्यांच्या तक्रारी हाताळल्या, पण खरा खड्डा पाहायला कधी गेलो नाही. तू लिहिल्याप्रमाणे तो दाराच्या डावीकडे आहे, तेव्हा मी उजवीकडून येईन.

मला घरात घेशील ना?

छोटू

•

४ जुलै

छोटू,

तुझ्या वॉर्डात कोणाला सोडत नाहीत. पाणी छातीत गेलंय, जंतू आहेत, असं म्हणतात. सिस्टरबाई भल्या दिसल्या. हे पत्र त्या तुला वाचून दाखवतील. सिस्टर, तो झोपला असेल तर उठवू नका. जागा असेल तर मोठ्यानं वाचा, त्याचा डावा कान लहानपणापासून मंद आहे.

तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र मला एक तारखेला मिळालं. तू त्याआधीच आला होतास.

तू खाली होतास, तेव्हा वर काय झालं ते तुला माहीत नसेल. सांगते.

एकोणतीसला पाणी गुडघ्यापर्यंत होतं. एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन गल्लीत शिरताना मला दिसला. तोंड खुर्चीखाली. मला वाटलं, अतिक्रमणवाले, आता कोणाची तरी दुसरी खुर्ची उचलून चाललेत. मी दारातून ओरडले, "या, आमचं स्टूलही न्या! इस्त्रीही न्या!" त्या माणसानं खुर्ची वर करून माझ्याकडे बघितलं. तू होतास. हसलास. आणि गेलास.

उजवीकडून येईन, असं लिहिलं होतंस. अरे, मी लिहिलेलं डावं हे दुकानात उभी राहून बाहेर बघताना. तू समोरून आलास. तुझं उजवं ते माझं डावं. एकमेकांना इतकी पत्रं लिहिली, पण तू कधी माझ्या दारात उभा राहिला नव्हतास आणि मी कधी रस्त्यातून माझ्या दाराकडे बघून लिहिलं नव्हतं.

खुर्ची तुझ्यावरून खाली आली आणि तिचे पाय भोकाच्या कडांना अडकले. पाण्यावर खुर्चीची पाठ आणि तिला धरलेली तुझी चार बोटं, एवढंच दिसत होतं. मी हाक मारत होते. बोटं चारची तीन झाली.

आधी पोचला चष्मेवाला. त्या घाणीत, तोंड कसंबसं पाण्यावर ठेवत, पोटावर पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात घालून तुझी कॉलर धरली. चष्मा गेला त्याचा. मला म्हणाला, "बाई, माझे पाय धरा, आणि शिव्या नंतर द्या." आमच्या गल्लीतला फळवाला हातगाडी सोडून धावत आला. गाडीवरचं सामान ज्या दोरानं बांधतो तो त्यानं ओढून काढला, गाडी कलंडली, त्यानं मागे बघितलं नाही. दोर तुझ्या काखेतून घेतला. दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. मामंजी आतून दार बडवत होते, "उघड! मला दिसत नाही, धरता येतं!" मी कडी काढली. त्यांनी पायरीवर बसून दोर कमरेला गुंडाळला आणि पाय भिंतीला लावले.

तुझा पाय खाली कशात तरी अडकला होता. आम्ही ओढत होतो आणि खालचं पाणी ओढत होतं. मला एकदा वाटलं, ते जिंकतंय. संत्री पाण्यावर सगळीकडे पसरली होती, एकेक करून तुझ्याकडे येत होती, तुझ्या डोक्याभोवती फिरायची आणि नाहीशी व्हायची. मग काही तरी मोडल्यासारखा आवाज आला आणि तू वर आलास. तो तुझा पाय होता.

दोराची गाठ भिजून आवळली होती, तू श्वास घेत नव्हतास. मी दुकानातली कात्री आणून दोर कापला, दोन-तीन ठिकाणी, मिळेल तिथे. तेव्हा तू खोकलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण बसलं. नवं कोरं, सिमेंटचं. दोन्ही विभागांचे साहेब हजर होते. माणूस आत जाऊन आल्याशिवाय झाकणाचं माप घेता येत नसावं.

तू विचारलं होतंस, घरात घेशील ना. गाढवा, आधी तिथून बाहेर ये.

ताई

•

९ जुलै

ताई,

सिस्टर लिहून घेतायत. ताप उतरला. पाय गुडघ्यात वाकणार नाही म्हणतात. टेबलाखाली तो सरळ ठेवावा लागेल, म्हणजे समोर बसणाऱ्या तक्रारदाराला आता माझी लाथ बसेल.

खाली काय होतं, ते एकदाच सांगतो. अंधार होता, पण भीती त्याची वाटली नाही. पाणी पायांना धरून ओढत होतं. घाई न करता. जणू काम ठरलेलं आहे आणि आज ना उद्या होणारच आहे. मला ते ओळखीचं वाटलं. आमच्या ऑफिसात तसंच चालतं.

साहेब येऊन गेले. फुलं आणली होती. माझ्या अपघाताची नोंद झाली आहे, अतिक्रमण विभागात. रस्त्यावर विनापरवाना खुर्ची आणल्याबद्दल. सिस्टरना वाटलं, मी तापात बडबडतोय.

ताई, मला झोप लागत नाही. पाऊस वाजला की गोदाम दिसतं. तो लाल मोजा दिसतो. साहेबांना म्हटलं, सगळं सामान आजच्या आज परत पाठवा. ते म्हणाले, "पाठवू, पण कुठे? पत्ता काय?" त्यांचं खरं आहे. मी अंथरुणावर, आणि ती भोकं तिथे बाहेर. कोणी तरी कुठे तरी आत्ता लाल शोधत असेल.

तू काही करू शकशील का? लेखी नको. नुसतं कर.

छोटू

•

१५ जुलै

छोटू,

केलं. जेवढं जमलं तेवढं.

चष्मेवाल्याची माफी मागितली. चार गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, म्हणून चार गिऱ्हाइकं जमेपर्यंत दारात थांबले. मग त्याला सोबत घेतलं, मामंजी "मीही येणार" म्हणाले, आणि फळवाल्यानं न विचारता हातगाडी आणून उभी केली. गोदामाच्या रखवालदाराला कोणी तरी सांगितलं होतं, की इथला एक माणूस गटारात पडला. त्यानं दार उघडलं आणि आमच्याकडे पाठ करून बिडी ओढत राहिला.

पत्ते नव्हते. म्हणून आम्ही गाडी भरली आणि गल्लीगल्लीतून निघालो. मामंजी पुढे, चष्मेवाल्याचा खांदा धरून, ओरडत, "खुर्ची ओळखा! आपली खुर्ची ओळखा!" भंगारवाले समजून लोक आधी रद्दी घेऊन आले. मग ओळखू लागले. पिंप गेलं, टायर गेला, सायकल गेली. सामान घेतलं की लोक घरात नेत नव्हते, तसेच पाण्यात शिरून भोकावर नेऊन ठेवत होते. काही भोकं तर त्या लोकांनाही सापडेनात. काठ्या घेऊन चाचपडत होते. मी प्रत्येक वेळी दुसरीकडे बघत होते.

एका गल्लीत एक बाई आली. तिनं ते मोजा बांधलेलं स्टूल ओळखलं. हात लावला, मोजा सरळ केला. मग म्हणाली, "राहू द्या. आमच्याकडे आता झाकण बसवलंय."

मी म्हटलं, "बरं झालं. लवकर बसवलं?"

"हो," ती म्हणाली. "झाल्यावर लगेच."

काय झाल्यावर, ते मी विचारलं नाही. स्टूल परत गाडीवर ठेवलं आणि पुढची गल्ली घेतली. मामंजी त्यानंतर ओरडले नाहीत. बराच वेळ मीच ओरडत होते.

गोदाम अजून अर्धं भरलेलं आहे. उद्या परत जाणार. पाऊसही आहे.

एक सांगायचं राहिलं. गाडीवर सामान रचलं, तेव्हा फळवाला ते चिंध्यांना चिंध्या जोडून बांधत होता. गाठी सुटत होत्या आणि तो परत मारत होता. मला आधी कळलंच नाही, हा असा का बांधतोय. मग माझी कात्री आठवली.

संध्याकाळी तो हातपाय धुवायला नळावर गेला होता. मी नवा दोर आणून त्याच्या गाडीच्या दांड्याला गुंडाळला. नवा असल्यानं ताठ होता, हातातून निसटत होता. दोन गाठी मारल्या, नीट बसल्यात ना ते ओढून बघितलं, आणि तो नळावरून वळायच्या आत दुकानात येऊन इस्त्री लावली.

ताई